उसना पूर

अक्षता दार ढकलून आत गेली तेव्हा मृत्युंजयच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो टेबलावर ठेवायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.

ती त्याच खोलीत गेली होती, जिच्यातून तो नुकताच बाहेर आला होता. त्याच परीक्षक बाईंसमोर. खरं तर तिची वेळ जेवणानंतरची आणि खोलीही दुसरी. पण मधला एक उमेदवार आलाच नाही म्हणून केंद्रप्रमुखांनी तिला आधी बोलावून घेतलं. जाता जाता ती त्याच्यापाशी थांबली होती.

"कसा गेला रं पेपर?"

"बरा गेला."

"तुझा बरा म्हणजे आमचा लई भारी," असं म्हणून ती हसली आणि गेली.

ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलचा वरचा मजला त्या दिवशी इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेसाठी घेतला होता. मृत्युंजय भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याला परदेशात वातावरणाचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी या परीक्षेचे गुण लागत होते. आज नाही जमलं तर पुढल्या वर्षी, एवढाच त्याचा प्रश्न. अक्षताचं तसं नव्हतं. ती नर्सिंग शिकलेली. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयानं तिला नोकरी देऊ केली होती, पण संभाषणाचे गुण या महिन्यात पोचले तरच. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. मागच्या खेपेला तिचं थोडक्यात हुकलं होतं.

विषयाची कार्डं वेगवेगळी असतात, मृत्युंजय स्वतःला समजावत होता. तोच विषय लागोपाठ दोघांना येण्याची शक्यता अगदी कमी. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण शक्यता मोजतोय ती पकडले न जाण्याची. ग्लास त्यानं ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

हे सुरू झालं होतं क्लासमध्ये. हवामान हा विषय परीक्षेत हमखास येतो, हे धैर्यशील सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सराव सुरू झाला आणि मृत्युंजय मोठ्या उत्साहानं उभा राहिला. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला किती पाऊस पडतो आणि तिकडं शिरोळला किती कमी, घाटामुळं हे कसं होतं, चार दिवसांची हवा आणि अनेक वर्षांचं हवामान यांत फरक कसा करायचा, हे त्यानं नीट क्रमानं मांडलं. आपलं छान झालं असं त्याला वाटलं होतं.

"बसा, शास्त्रज्ञ," सर म्हणाले. "आकाशवाणीवर बातम्या लागल्यागत वाटलं. पावणं, तिथं तुम्हाला पाऊस किती पडला ते कोण विचारतंय? तुमचं काय झालं ते सांगा. देवानं आपल्याला पूर दिलाय, पूर! पुण्याची पोरं काय सांगणार, भजी खाल्ली म्हणून?"

वर्ग हसला. कसबा बावड्याचा राजवीर मागून ओरडला, "सर, पण आमच्यात पाणी आलंच न्हाय."

"मग शेजाऱ्याचा घ्या की उसना! परीक्षक काय तुमच्या घरी ओल बघाय येणाराय?"

त्या दिवसापासून क्लासमधल्या प्रत्येकाला एकेक पूर मिळाला. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांच्याही गळ्यापर्यंत पाणी चढलं. मृत्युंजयचं घर पेठ वडगावात, बाजारपेठेत, खाली वडिलांचं कापडाचं दुकान. तिथं २०१९ साली पाणी फिरकलंही नव्हतं. त्याला पूर नव्हता.

अक्षताचा पूर मात्र खरा होता, आणि तिनं तो वर्गात कधीच सांगितला नाही. एकदा क्लासच्या जिन्यावर वडापाव खाताना त्यालाच सांगितला. ती नदीकाठच्या चिखलीची. पाणी चढायला लागलं की तिथं आधी जनावरांची दावी सोडतात. मोकळं जनावर आपलं आपण उंचाकडं जातं. वडील म्हशी घेऊन वर उंचावर सोनतळीला गेले होते. मागं गोठ्यात एक रेडकू राहिलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. त्याचं नाव टिकली. ते सोडायचं काम अक्षताचं होतं. तिला गाठ सुटली नाही. विळा सापडेना. नाव आली, नावेतली माणसं ओरडायला लागली, आणि रेडकू तसंच बांधलेलं सोडून अक्षता नावेत बसली.

"गाठ का सुटली नाही?" मृत्युंजयनं विचारलं होतं. "काथ्याची दोरी होती?"

"न्हाय रं, सुती दावं. सुती दावं भिजलं की गाठ दगडागत होती."

"धागे फुगत असणार. पाणी शोषून," तो म्हणाला होता.

"असंल," ती म्हणाली होती आणि उरलेला वडापाव तिनं कागदात गुंडाळून ठेवला होता.

आज आत कार्ड हातात आलं. हवामानामुळं बेत बदलला असा एक प्रसंग सांगा. विचार करायला थोडा वेळ दिला होता आणि त्या वेळात त्याला घाटातला पाऊस आठवला, वडगाव आठवलं. पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर आला तो गोठा. आमचं गाव नदीकाठी. आमचं रेडकू. माझी बोटं. भिजलेल्या सुती दाव्याची गाठ दगडासारखी का होते, हेही त्यानं बाईंना समजावून सांगितलं, आणि त्यांनी मान किंचित पुढं केली. शेवटी टिकलीचं नाव घेताना त्याचा आवाज भरून आला. असं सुरेख इंग्रजी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

कॉलेजात एका मित्रानं रीडिंग न घेताच प्रयोगाचे आकडे भरले होते, तेव्हा मृत्युंजयनं वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ते आता भिंतीकडं बघताना आठवलं.

दार उघडलं. अक्षता बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि रडूही नव्हतं. चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखी ती इकडंतिकडं बघत होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं.

"हवामानामुळं बेत बदलला, असं कार्ड आलं. मला वाटलं देवच पावला. हे तर झोपेत पण सांगीन म्हटलं. पहिल्यांदाच सांगत होते कुणाला असं इंग्रजीत. टिकलीच्या गाठीपर्यंत आले आणि बाईंनी हात वर केला. म्हणल्या, पाठ केलेलं नको, दुसरं काहीतरी सांगा." ती थांबली. "पाठ? मी?"

"मग?"

"मग तोंडच बंद पडलं. बाईंनी छत्रीचं विचारलं. तुमच्याकडं लोक छत्र्या वापरतात का. व्हय म्हटलं. फुडं काय बोलायचं छत्रीवर?"

मृत्युंजयनं टेबलावरचा ग्लास उगीच सरकवला.

"त्या सरांनी सगळ्यांना पूर वाटलाय न्हवं का," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "सकाळपासनं बाईंनी दहा पूर ऐकले असतील. कुणाचं तरी रेडकू पण मेलं असंल त्यात. मरतात की. एकट्या माझंच थोडीच मेलंय."

तिनं सुटका आयती आणून त्याच्या हातात दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. खाली जाऊन चहा पाजला असता, सरांना दोन शिव्या घातल्या असत्या, आणि त्याला भला माणूस समजतच तिचं इंग्लंड हुकलं असतं.

"मी सांगितली," तो म्हणाला.

"काय?"

"टिकली. तुझ्या आधी मी होतो आत. मीच सांगितली."

अक्षता त्याच्याकडं बघत राहिली. कळायला तिला वेळ लागला नाही. पण पटायला लागला.

"नाव घेतलंस तिचं?"

"व्हय."

"आणि गाठ सोडाय कोण गेलतं?"

"मी."

"तू," ती म्हणाली. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. त्यानं ते मागं घेतले. "रडलास पण?"

"आवाज भरून आला."

"आला, का आणलास?"

कुठल्याही प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची त्याला सवय होती. त्यानं खरोखर आठवून बघितलं. ती खोली, ते कार्ड, बाईंची पुढं झुकलेली मान.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं सगळ्यांत लाजिरवाणं वाक्य होतं, आणि ते खरं होतं.

अक्षता कठड्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तो केंद्रप्रमुखांच्या टेबलाशी गेला.

"साहेब, माझं उत्तर माझं नव्हतं. ते त्या मुलीचं होतं. तिनं पाठ केलेलं नाही. तिच्या घरात घडलंय ते."

केंद्रप्रमुख डबा उघडत होते. त्यांनी झाकण परत लावलं. "अहो पावणं, असं कोण येऊन सांगतंय व्हय? तुम्हाला कळतंय का, तुमची परीक्षा बाद धरायला लागंल."

"धरा. पण तिला परत बोलवा."

"फी परत मिळत न्हाय."

"नको."

ते पुटपुटत आत गेले आणि बाईंना घेऊन आले. बाई बेंगळुरूच्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, की तुमच्या उत्तराला मी फार चांगले गुण दिले होते. त्यात कौतुक नव्हतं. केंद्रप्रमुखांना त्यांनी सांगितलं, जेवणानंतर दुसऱ्या खोलीत, नवं कार्ड. जाता जाता त्या वळल्या.

"मग त्या पुरात तुम्ही कुठं होतात?"

परीक्षा संपली होती, तरी त्याला इंग्रजीतच उत्तर द्यावंसं वाटलं. वडगावात, तो म्हणाला. पाणी नव्हतं. महामार्ग बंद होता. ट्रकांची रांग लागली होती. आम्ही पोरं बघायला गेलो. फोटो काढले. अकरावीची चाचणी पुढं ढकलली होती, म्हणून मला आनंद झाला होता. घरी आईनं, आमच्या अव्वानं, ड्रायव्हर लोकांसाठी भाकऱ्या करून दिल्या. मी नेऊन पोचवल्या, पण कंटाळत. काळ चुकत होते, शब्द अडत होते, एका वाक्याला क्रियापदच नव्हतं. बाई मधे बोलल्या नाहीत. तो गप्प झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि त्या जेवायला गेल्या.

तो हॉटेलच्या फाटकाबाहेर थांबला. निघून जावंसं वाटत होतं, पण तेवढं सोपं आपल्याला मिळू नये असंही वाटत होतं. ऊन चढलं. शेवटी अक्षता बाहेर आली. त्याला बघून ती थांबली, पण जवळ आली नाही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. गुण येतील बहुतेक." ती पर्समध्ये रिक्षासाठी सुटे शोधायला लागली. "कार्ड परत हवामानाचंच होतं. तुमच्या गावच्या हवामानातलं काय कायम लक्षात राहील, असं."

तो एक पाऊल पुढं आला. "मग सांगितलीस?"

"उन्हाळा सांगितला. वॉर्डातले पंखे बंद पडले की पेशंटांना पुठ्ठ्यानं वारा घालतो, ते. चांगलं सांगितलं."

"अक्षता, टिकलीचं सांगायचं होतंस. ते तुझं—"

"सांगणारच होते. तोंडात आलतं." तिनं पर्स मिटली. "पण गाठीपर्यंत आले की मला तूच दिसाय लागलास, गोठ्यात उभा. म्हटलं, जाऊ दे. आता काय ते माझं एकटीचं राहिलं न्हाय."

रिक्षा थांबली. तिनं बसताना त्याच्याकडं बघितलं नाही. ड्रायव्हरनं मृत्युंजयला विचारलं, "तुम्ही येणार काय, पावणं?"

"न्हाय," आतून अक्षताच म्हणाली. "चला तुम्ही."