मीटिंग चालू असताना चिमणी बंद

श्यामलाबाई तीन महिन्यांसाठी सिडनीला आल्या आणि विमानंच बंद झाल्यामुळे मुलाच्या घरी अडकून पडल्या. सलिलचं स्कोफिल्ड्समधलं घर नवंकोरं होतं. स्वयंपाकघरात पाच बर्नरची गॅसची शेगडी, तिच्यावर स्टीलची भलीमोठी चिमणी. फक्त त्या चिमणीचं बटण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच दाबायचं नाही, असा मुलाचा हुकूम होता.

कारण लॉकडाऊन लागल्यावर सलिलने ऑफिसचं टेबल मांडलं ते थेट ओट्यासमोर. चार बेडरूमच्या घरात वाय-फाय तिथेच चांगलं येतं, असा त्याचा शोध होता. "आई, बंद कर ना ते. क्लायंटला वाटतं मी एअरपोर्टवरून बोलतोय." खिडकीही बंदच. शेजारचा म्हातारा परवा अंगणात शिंकला होता, त्याचे जंतू आत आले असते. त्यामुळे फोडणीचा धूर, पोळीचा करपट वास आणि गॅसची धग हे सगळं श्यामलाबाईंच्या नाकातून जाईल तेवढंच बाहेर जायचं.

मेमध्ये त्यांना खोकला लागला. जिना चढताना धाप लागायची. सलिलने ताबडतोब मास्कवर मास्क चढवून त्यांना गाडीतून टेस्टला नेलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरीही खबरदारी म्हणून त्याने आईला आठवडाभर वरच्या खोलीत बसवलं आणि जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं. खोलीची खिडकी उघडी असायची. चौथ्या दिवशी खोकला निम्म्यावर आला. खाली मैथिलीने, त्यांच्या सुनेने, युनिव्हर्सिटीचं काम सांभाळून स्वयंपाक हाती घेतला होता. तीही खोकायला लागली.

"आईकडूनच लागलं तुला," सलिलने निदान केलं.

"दाराच्या फटीतून?" श्यामलाबाईंनी वरून विचारलं.

त्या पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या आणि खोकला परत आला. शेवटी पेंडल हिलच्या डॉक्टर मीनाक्षींना फोन लावला. स्पीकरवर त्यांनी सगळं नीट विचारलं.

"पूर्वी चुलीवर स्वयंपाक केलाय का?"

"वीस वर्षं. भोरजवळच्या गावात."

"आणि आता तळताना, भाजताना चिमणी लावता ना?"

श्यामलाबाईंनी सलिलकडे पाहिलं. त्याने घाईघाईने होकाराची मान हलवली.

"लावते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला. त्या रात्री श्यामलाबाईंना जेवण गेलं नाही. आपण डॉक्टरांशी खोटं बोललो याची लाज वाटत होती, आणि कुणासाठी बोललो याचा राग त्याहून जास्त.

त्यातच मराठी मंडळाने झूमवर कार्यक्रम ठेवला: 'धूरमुक्त स्वयंपाकघर'. गावोगावच्या बायकांच्या फुप्फुसांची सलिलला फार काळजी होती. त्याने बारा स्लाइड केल्या, डॉक्टर मीनाक्षींना बोलावलं आणि आईला इस्त्रीची साडी नेसवून कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"आता माझी आई स्वतःचा अनुभव सांगेल," तो गहिवरून म्हणाला. "चुलीच्या धुरात तिने काय सोसलं ते ऐका."

"सोसलं तर," श्यामलाबाई म्हणाल्या. "डोळे चुरचुरायचे, छाती भरून यायची. पण कौलं होती, मागचं दार उघडं असायचं. थोडा तरी धूर निघून जायचा. इथे सलिलची मीटिंग असते, म्हणून चिमणी बंद आणि खिडकीही बंद."

"आई, आपण गावाबद्दल बोलतोय."

"स्वयंपाकघराबद्दल बोलतोय ना?"

झूमवर साठ चौकोन दिसत होते. कुणीतरी म्यूट करायला विसरलं होतं, ते मोठ्याने हसलं.

"तुम्ही तर मला लावते म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाल्या.

"मुलाने मान हलवली, म्हणून म्हणाले. चुकलं माझं."

डॉक्टरांनी मग सलिलच्या स्लाइड बाजूला ठेवल्या. गॅस स्वच्छ दिसतो, पण त्याची ज्योत आणि तापलेलं तेल बंद खोलीत छातीला त्रास देतात, आणि जुन्या धुराने आधीच पोळलेल्या फुप्फुसांना तर फारच, असं त्यांनी अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. सलिल पूर्ण वेळ हसरा चेहरा करून ऐकत होता. त्याचा कॅमेरा चालू होता.

दुसऱ्या दिवशी मैथिलीने त्याचं टेबल स्वतः ढकलत गॅरेजमध्ये नेलं. तिथे वाय-फाय उत्तम येतं, असं निघालं. दोघींचा खोकला महिन्याभरात उतरला. मैथिलीचा पूर्ण, श्यामलाबाईंचा बराचसा.

निर्बंध सैल झाल्यावर त्यांची नळीत फुंकायची तपासणी झाली. चुलीने जे नेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते जपता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. श्यामलाबाईंना आपली आई आठवली. तिचा खोकला सगळं घर वयाचा म्हणायचं.

गाडीत बसल्यावर सलिलने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ आई, वेळेवर लक्ष दिलं म्हणून बरं."

"कुणी?" त्यांनी विचारलं.

त्याने गाडी सुरू केली आणि त्यांच्या बाजूची काच खाली केली.