एनिडची जागा

कादंबरीतल्या मावशीचं वाक्य आलं आणि तिघंही गप्प झाली.

ब्रेंडा टॅपलीचं बोट ओळीवर होतं. वाक्य चार ओळींचं होतं, म्हणजे चार ओळींइतकं थांबायचं. डेस्मंड खिडकीबाहेर बघत होता. थेल्मानं डोळे मिटले होते. टेबलाशी चौथी बसलेल्या, आज नव्यानं आलेल्या बाईनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, पान चाचपलं आणि ते वाक्य वाचून टाकलं.

वाचलं तेही असं, की मावशी खोलीत येऊन बसली. नाकातून बोलणारी, भाचीच्या लग्नाची काळजी आहे असं दाखवत केकचा मोठा तुकडा स्वतःकडे ओढणारी. डेस्मंड फिस्सकन हसला. थेल्मानं डोळे उघडले.

"ती जागा एनिडची आहे," ब्रेंडा म्हणाली.

"सॉरी, मला वाटलं तुमचं पान चुकलंय."

"इथं कुणाचं पान चुकत नाही."

इंग्लंडातल्या हॅम्पशरमधल्या त्या गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर बुधवारी दोन वाजता हे वाचन चाले. लेखिका याच भागातली, दोनशे वर्षांपूर्वीची. मंडळात तिला नुसतं 'बाई' म्हणत. 'बाईंना हे आवडलं नसतं' म्हटलं की वाद मिटे. एनिड क्रॅब या शाळामास्तरणीनं मंडळ काढलं आणि नियमही तिनेच घातला. प्रत्येकानं एका तऱ्हेची पात्रं घ्यायची आणि ती मरेपर्यंत वाचायची. माणूस गेलं की बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या एकदा वाचून होईपर्यंत त्याची जागा कुणी घ्यायची नाही. त्याचं वाक्य आलं की तेवढा वेळ गप्प बसायचं. सगळ्या कादंबऱ्यांना दोन वर्षं लागत.

एकेकाळी अकराजण होते. आता तिघं होती. डेस्मंड पूर्वी बस चालवायचा. तो सगळे पाद्री वाचे. थेल्मा एक्क्याऐंशीव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुली वाचे. पात्रांची नसलेली सगळी वाक्यं ब्रेंडाची. नगरपालिकेच्या कचेरीत एकतीस वर्षं तिनं लोकांच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. बुधवार सोडला तर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. एनिडला जाऊन सहा महिने झाले होते, आणि एनिडच्या वाट्याला सगळ्या मावश्या, आत्या आणि सासवा होत्या. बाईंच्या पुस्तकांत त्याच जास्त बोलतात. त्यामुळे हल्ली वाचनापेक्षा गप्प बसणंच जास्त होई.

वाचनालयानं या महिन्यापासून नवा दंडक काढला होता. वहीत दर आठवड्याला चार सह्या, नाहीतर खोली दुसऱ्यांना. आज चौथी सही टॅमसिनची होती. दाताच्या दवाखान्यात ती लोकांना वेळा देई. घटस्फोटानंतरच्या एका हिवाळ्यात तिनं बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. "एकटीच हसत होते हो स्वयंपाकघरात," ती आल्या आल्या म्हणाली होती. "म्हटलं, दुसरं कुणी हसतंय का बघू."

"मग मी काय वाचू, मिसेस टॅपली?" तिनं आता विचारलं.

"मिस. सध्या काहीच मोकळं नाही. दीड वर्षानं मावश्या मोकळ्या होतील."

टॅमसिन शेवटपर्यंत बसली, ब्रेंडानं केलेला शहाजिऱ्याचा केक संपवला, बशी स्वतः विसळली. "फारच छान झालं हं. मनापासून आभार," असं म्हणून गेली.

दारापर्यंतची पावलं ऐकून डेस्मंड म्हणाला, "संपलं. इतकी छान बोलली म्हणजे परत येत नाही."

"नियम आहे, डेस्मंड."

"अगं, एनिडनं नियम केला तेव्हा अकराजण होतो! एक गप्प, दहा बोलणारे. आता बघ की. आपण काय वाचतोय, का मौन पाळतोय?"

"ती एनिडपेक्षा चांगलं वाचते," थेल्मा मोठ्यानं म्हणाली. कमी ऐकू येत असल्यानं ती सगळंच मोठ्यानं म्हणे.

ब्रेंडा उरलेल्या बशा गोळा करू लागली. तिलाही तेच वाटलं होतं, चार ओळी संपण्याआधीच.

मंगळवारी ती दवाखान्यात गेली. दात दुखत नव्हता. दोन माणसं निघून जाईपर्यंत ती खुर्चीवर बसली आणि मग टॅमसिनच्या खिडकीशी गेली. काय बोलायचं ते तिनं घरी कागदावर लिहून काढलं होतं. कागद पर्समध्येच राहिला.

"उद्या तुम्ही या. मावश्या तुम्ही वाचा. सगळ्याच."

टॅमसिनच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. "बुधवारी आता मला इथंच थांबावं लागेल. आणि ती एनिडची जागा आहे ना, मिस टॅपली? असू दे तिची."

त्यात टोमणा नव्हता. असता तर ब्रेंडाला उत्तर देता आलं असतं.

बुधवारी वहीत तीन सह्या झाल्या. वाचनालयाच्या बाईनं दोनदा माफी मागितली आणि खोली तान्ह्या मुलांच्या गाण्यांच्या वर्गाला दिली. डेस्मंड म्हणाला, "माझ्याकडे बसलो असतो, पण बायकोला आता माणसं सोसत नाहीत." थेल्माला जिना चढवत नव्हता; वाचनालयात लिफ्ट होती, ब्रेंडाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला नव्हती. "फोन करू हं," तिघंही म्हणाली.

पुढच्या बुधवारी ब्रेंडानं केक केला नाही. चहा मात्र मोठ्या किटलीत झाला, सवयीनं. दोन वाजता तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडलं आणि खुणेच्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागली. दिवाणखान्याचं वर्णन झालं. मावशीचं वाक्य आलं. ती थांबली. चार ओळींइतका वेळ गेला.

मग पाद्र्याचं वाक्य आलं. पाठोपाठ धाकट्या मुलीचं.

जिवंत माणसांसाठी किती थांबायचं, हे एनिडनं सांगून ठेवलं नव्हतं. ब्रेंडानं ओळीवर बोट ठेवलं, आणि ती बसून राहिली.