गुडघा टेकल्याचं प्रकरण

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं: 'आज जबलच्या घाटात गुडघा टेकला.' जबल म्हणजे इथला, ओमानातला डोंगर. स्पोर्ट्स बाईकवाल्यांत याचा अर्थ असा, की वळणावर गाडी इतकी झुकवली की गुडघा रस्त्याला घासला. ग्रेसने, म्हणजे माझ्या बायकोने, तो मेसेज वाचला आणि तिचा चेहरा उजळला.

"कुठल्या चर्चमध्ये?" तिने विचारलं.

दोन वर्षं शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशीची, चर्चमधली मिसा बुडवून भटकणारा नवरा अखेर देवापुढे गुडघे टेकून आला, असं तिला वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं. बायकोच्या आनंदावर विरजण घालायची मला सवय नाही.

खरा अर्थ तिला चार दिवसांनी इलेनने सांगितला. इलेनचा नवरा स्टॅन्ली आमच्याच ग्रुपात आहे.

"बाईक विकायची," ग्रेस म्हणाली. "मला मस्कतमध्ये विधवा व्हायचं नाही."

"मागचा टायर संपलाय. आधी तो तर बदलू. असली गाडी कोण घेणार?"

"मग मी पण येते त्या गाला भागातल्या गॅरेजवर. टायरवाल्यालाच विचारते, हा माणूस बाईक कशी चालवतो. तो म्हणाला वेड्यासारखी, तर संध्याकाळी जाहिरात टाकायची. खलास."

सेहेचाळीस वर्षांत स्वतःसाठी हट्टाने घेतलेली ती एकच वस्तू. ती गेली असती तर मी रडलो असतो, खोटं कशाला सांगू?

त्यात स्टॅन्ली न बोलावता सल्लागार म्हणून गॅरेजवर हजर. "फेलिक्स, सॉफ्टवाला घे, रेसिंगचा. तू कॉर्नरिंग करणारा माणूस!"

मी हो म्हटलं तर बायकोसमोर मेलो, नाही म्हटलं तर ग्रुपात मेलो. इकडे आड, तिकडे विहीर. मी खोकलो.

माझी सगळी भिस्त टायरवाल्याच्या भाषेवर होती. गाला भागात टायरवाले बहुतेक मल्याळम बोलतात, नाहीतर उर्दू. मधे दुभाषा मी होणार आणि दुभाषाला सोयीचं तेवढं सांगता येतं. पण आमचं मराठीतलं भांडण ऐकून गाडीखालून एक डोकं वर आलं.

"ताई, गाव कुठलं?"

"वसई. तुमचं?"

"गुहागरच्या अलीकडे. मी तानाजी."

बोंबला! आखातात एकदा गाव विचारलं गेलं की समोरचा माणूस दुकानाचा राहत नाही, आपला होतो. आणि आपला माणूस गिऱ्हाइकाला थापा मारेल, ताईला नाही.

"तानाजीभाऊ, टायर बघून सांगा," ग्रेस म्हणाली. "हे बाईक कशी चालवतात?"

तानाजी उकिडवा बसला. टायरवरून अंगठा फिरवला. एकदा टायरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"किती चाललाय, साहेब?"

"आठ हजार."

"ताई, हा मधला भाग बघा. पाटासारखा सपाट. आणि ही कड. नव्या टायरला हे असे रबराचे बारीक केस असतात. गाडी झुकली की पहिल्याच दिवशी जातात. यांचे आठ हजारांनंतरही शाबूत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे साहेब हायवेला सरळ जातात नि सरळ परत येतात. गाडी कधी झुकवलीच नाय. घाट तर सोडाच."

स्टॅन्ली खो खो हसत सुटला. ग्रेस मात्र हसली नाही. "फेलिक्स, खरं?"

हा टायर जुन्या मालकाचा आहे, असं म्हणायची सोय होती. अब्रू वाचली असती, बाईक गेली असती.

"खरं आहे," मी म्हणालो. "वळण आलं की भीती वाटते मला. बर्का गावापर्यंत जातो, चहा पितो, चिप्स घातलेला पराठा खातो आणि परत येतो."

"आणि मी दर शुक्रवारी तुझ्यासाठी मेणबत्ती लावते! पराठा खाणाऱ्या माणसासाठी!" तिचे डोळे भरून आले होते. मला फार शरम वाटली, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

स्टॅन्लीने तेवढ्यात ग्रुपसाठी टायरचा फोटो काढायला मोबाइल उचलला. ग्रेस गर्रकन वळली.

"तानाजीभाऊ, बाहेर या स्टॅन्लींची बाईक आहे. तिचाही टायर बघा जरा."

तानाजी गेला, वाकला, कडेवर नख घासून आला. "केस गेलेत यांचे," तो म्हणाला. स्टॅन्लीची छाती फुगली. "पण रस्त्याने नाय गेले. पॉलिश पेपरने घासलेत. ओरखडे आडवे आहेत."

स्टॅन्लीने मोबाइल खिशात ठेवला. त्याला अचानक सुल्तान काबूस रस्त्यावरच्या ट्रॅफिकची काळजी वाटू लागली आणि तो निघून गेला.

"बाईक राहू दे," ग्रेस मला म्हणाली. मग तानाजीला विचारलं, "यांना कुठला टायर बरा?"

"मधे कडक, कडेला मऊ. उन्हात टिकेल."

"कडेला मऊ कशाला? कड वापरतो कोण?"

"असू दे ताई. कधी लागलीच तर."

टायर चढवून झाल्यावर तानाजीने ताकीद दिली, "नवा टायर गुळगुळीत असतो, साहेब. पहिले दीडशे किलोमीटर गाडी झुकवू नका."

"त्यांना काय सांगता? त्यांनी आठ हजार पाळलंय," ग्रेस म्हणाली आणि तानाजीकडे हेल्मेटचं दुकान कुठे आहे याची चौकशी करू लागली.

"कुणाला हेल्मेट?" मी विचारलं.

"मला. मिसा झाली की तुझ्या मागे बसणार. मिसेला तूही येणार."

"आणि दीडशे किलोमीटर झाले की?"

"मग एखाद्या वळणावर झुकवून बघ," ती म्हणाली. "मी धरून बसेन."