एका घरात दोन चुली

माझा स्वभाव असा, की एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. एस.टी. स्टँडजवळच्या माझ्या कडक भाकरीच्या दुकानात फोन, ब्रॉडबँड आणि गिऱ्हाइकांना वायफाय, तिन्ही एकाच दिवशी घ्यायचं ठरवलं आणि सोमवारी सकाळी नेट जोडणारा सतीश शिडी, वायर घेऊन दारात हजर झाला.

घाईला कारण होतं. पुण्यातल्या दुकानदार सृष्टीताईंना दर महिन्याला दोन हजार भाकऱ्या हव्या होत्या. पण मशीनची भाकरी हाताची म्हणून कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारली होती. "गुरुवारी अकराला व्हिडिओ कॉल करते. थापताना दाखवा, मग बोलू," म्हणाल्या. ती ऑर्डर मिळाली तर कुंभारीहून येणाऱ्या माझ्या चार बायांना बारमाही काम मिळणार होतं. मोबाईलचं नेट तर आमच्या पत्र्याखाली फिरकतच नाही.

वायफायची डबी भिंतीला ठोकून सतीश म्हणाला, "ताई, वायफायची दोन नावं करतो. एक दुकानाचं, एक गिऱ्हाइकांचं. मग त्यांच्यामुळं तुमचं काम अडत नाही."

परातीपुढं बसलेल्या माझ्या सासूबाई, रंभाबाई, तिथनंच कडाडल्या, "एका घरात दोन चुली? मी जित्ती हाय तवर न्हाय!"

गावी मंद्रूपला माझ्या दोघा दिरांनी चुली वेगळ्या केल्या, तेव्हापासून वेगळेपणाचा त्यांनी धसका घेतलाय. सतीश हसून समजावायला गेला, तर मीच त्याला गप्प केलं. "एकच कर. सगळ्यांना पुरंल की!"

एवढ्यावर भागलं नाही. सासूबाईंच्या माहेरी वाटसरूंसाठी दारात रांजण असायचा. पाणी कुणी विचारून प्यायचं नाही. म्हणून पासवर्डही बाहेरच्या भिंतीवर गेरूनं लिहायचा. खोटं कशाला बोलू, लिहिला मीच, तोही हातभर अक्षरात.

गुरुवारपर्यंत रिक्षावाले, कंडक्टर, कॉलेजची पोरं, सगळी आमच्या भिंतीला पाठ लावून बसायला लागली. भाकरी घेणारे चार आणि फुकटे चाळीस!

अकराला कॉल आला. सृष्टीताई "दाखवा" म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवून तशाच थिजल्या. कॉल तुटला. लगेच दुकानातला नवा फोन वाजला. तोही त्याच नेटवर, म्हणून आवाज तुटत होता, पण अर्थ कळला. "काहीच दिसत नाही. दहा मिनिटांनी शेवटचं बघते. नाहीतर दुसरीकडं विचारते."

सतीश कुठल्यातरी खांबावर, फोन उचलेना. चारी बाया माझ्याकडं बघत होत्या. आपल्या मिजाशीपायी यांचं काम जातंय, या विचारानं मला रडूच यायचं बाकी होतं. पण रडून काय होणार? पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले आणि ओरडले, "दहा मिनिटं सगळ्यांनी मोबाईल बंद करा! हितं चार घरांच्या चुलीचा प्रश्न हाय!"

पोरं तशीच मोबाईलवर बोटं फिरवत राहिली. मग एका म्हाताऱ्या कंडक्टरनं मोबाईल खिशात टाकला. "बंद करा की रं! आजवर त्यांचंच वापरताय न्हवं?" एकेक करत सगळ्यांनी बंद केले आणि काय चाललंय ते बघायला आत शिरले.

दुसऱ्या वेळी चित्र स्वच्छ आलं. सासूबाईंच्या हाताखाली भाकरी गरागरा फिरत मोठी होत गेली. सृष्टीताई टक लावून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मागं एवढी माणसं कोण?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "घरचीच हायती."

ऑर्डर मिळाली. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, मीही डोळे पुसले.

संध्याकाळी सतीशला बोलावलं. दोन नावं करायला सांगायचं होतं, पण सासूबाईंकडं बघून जीभ रेटेना. त्याच बोलल्या, "मांड बाबा दुसरी चूल. काम अडाया नगं. पर भिंतीवरचं पुसायचं न्हाय. आज त्यांनीच लाज राखली."

सतीशनं नावं विचारली. दुकानाचं मी सांगितलं. गिऱ्हाइकांचं सासूबाईंनी.

आता स्टँडवर कुणीही मोबाईल उघडला की पहिलं नाव दिसतं, 'घरची माणसं'.