थोरलीच्या आड आलेला हात

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रत्नागिरीच्या बंदरावर एके काळी मला बघून बायका लेकरांना पदराआड घ्यायच्या. का, ते ऐका.

मला दोन डोळे आहेत, एकावर एक. वरच्याने बघायचं, खालच्याने टिपायचं. माझ्यातून बघणाऱ्याला मान खाली घालावी लागते, देवापुढे घालतात तशी. माझा मालक काशीराम तसा उभा राहिला की मला आधी वाटायचं, हा माझ्या पाया पडतोय. पण तो समोरच्या मढ्याला नीट मधोमध घेत असायचा.

होय, माझं काम तेच. लग्नाकार्याला लोक दुसरे, तरणे कॅमेरे बोलवत. मला बोलावणं यायचं ते माणूस गेल्यावर. रोज डोळ्यांपुढे वावरणाऱ्याचा फोटो काढायचं कुणाच्या मनात यायचं नाही. मग तिरडी बांधता बांधता आठवण व्हायची. गेलेल्याला भिंतीशी टेकवून बसवत, डोक्यावर टोपी ठेवत. मिटलेले डोळे मी टिपायचो आणि काशीराम दुकानात बसून कागदावर ते बारीक कुंचल्याने उघडायचा. "अगदी बोलंल असा काडलास हां," लोक म्हणायचे. पण खरोखर बोलणारं माणूस माझ्यासमोर कुणी बसवलं नाही.

जिवंत असं मी डोळे भरून बघायचो ते एकच. आमचं दुकान बंदराच्या चढावर. उन्हं कलली की भगवतीच्या किल्ल्याला वळसा घालून मुंबईची आगबोट यायची. दोन आगबोटी होत्या, त्यातली जुनी ती थोरली. पांढऱ्या अंगाची, रुंद धुराड्याची. नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ, जणू रडून रडून काजळ उतरलंय. भोंगा मात्र असा, की माडावरचे कावळे उडावेत! एकदा तरी हिला माझ्या पोटात घ्यावं, एवढीच माझी आस होती.

किनाऱ्याशी पाणी उथळ. थोरली लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून ये-जा करायची. पडाव म्हणजे रुंद पोटाची मोठी होडी. त्यातला एक भागोजीचा. पेठकिल्ल्याच्या वस्तीतल्या या माणसाचा संसार थोरलीच्या जिवावर उभा होता. तिची शिडी आणि पडाव यांच्यात सापडून त्याची उजवी करंगळी कायमची वाकडी झाली होती. ती दाखवून तो म्हणायचा, "थोरलीनं हात धरलान माजा." त्याची बायको हौसा जात्यावर गायची,

बोटीचा गं धूर, चढतो आभाळात
माझा बंधुराया, उतरतो पडावात.

मग ऐंशीच्या दशकातलं ते वर्ष आलं. एस.टी. वाढल्या, थोरलीच्या पायऱ्या मोकळ्या राहू लागल्या. पावसाळ्यात बोटी बंद असत, पण यंदा त्यानंतरही ती येणार नाही, अशी कुणकुण लागली. तशी गावातली माणसं धक्क्यावर लोटली. नटूनथटून, पोरांना खांद्यावर घेऊन, आजारी माणसाला भेटायला यावं तशी. कुणाकुणाकडे चकचकीत कॅमेरे होते. भागोजी त्यांना काही बोलला नाही. पण काशीराम मला गळ्यात अडकवून त्याच्या पडावात चढला, आणि भागोजीचं वल्हं थांबलं.

"काशीराम, ह्या डब्याला कशाला आनलास?"

"थोरलीचा एक फोटू काढतो रे."

"तुजा डबा मढ्यांचा. माजी थोरली जिती हाय."

पडावातली भागूबाई कोळीण फिसकन हसली. "काय रे भागोजी! फोटूनं कोन मरतं तर माज्या घोवाचा लग्नात दोनदा काडलेला. अजून दोन ताटं भात जेवतो मेला!"

सगळा पडाव हसला. भागोजी हसला नाही. "त्याचा ह्या डब्यानं नव्हता काडलेला," तो म्हणाला आणि वल्हवू लागला.

थोरली जवळ आली. उतरत्या उन्हात तिचा गंजसुद्धा सोन्यासारखा दिसत होता. काशीरामने मान खाली घातली. मला आयुष्यात पहिल्यांदा एक जिवंत जीव समोर मिळाला होता. खटका दाबला गेला, आणि त्याच क्षणी भागोजीचा हात आडवा आला. "नको! माज्या देखत नको!"

फोटो धुऊन निघाला तर पुढे धूसर पंजा, आणि त्याच्या फटीतून मागची थोरली, धुराड्यासकट लख्ख. "फुकट गेला," म्हणत काशीरामने तो खणात टाकला.

पाऊस संपला. थोरली आली नाही. भागोजीचा पडाव वाळूत पालथा पडला, त्याच्या फळ्या उकलू लागल्या. दुकानावरून जाताना तो तोंड फिरवायचा. "एवडा अडवलान, तरी नजर लागलीच," लोक म्हणायचे. मी काचेच्या कपाटातून ऐकायचो. मित्रांनो, मी कुणाला मारलं नव्हतं. मला नेहमी उशिरा बोलावलं जायचं, एवढंच.

दोन पावसाळ्यांनी भागोजी गेला. काशीराम न बोलावता मला घेऊन पेठकिल्ल्यात गेला. हौसा दारातच उभी राहिली.

"नको भावजी. जितेपनी नको म्हनाला, आता मेल्यावर कशाला?"

काशीराम परत फिरला, तोच ती हळूच म्हणाली, "त्या दिसाचा हाय काय तुमच्याकडं? पडावातला?"

"वयनी, त्यात तोंड नाय त्याचं. नुसता हात आलाय."

"तोच द्या."

काशीरामने तो फोटो आणून दिला. हौसाने त्यातल्या वाकड्या करंगळीवरून बोट फिरवलं. मग भिंतीवर लावला. कुणीतरी हार आणला, तर तिने परत केला. "हार नको. हात हलतोय त्यात."

मित्रांनो, आता माझ्या खालच्या डोळ्यावर बुरशी धरली आहे. ती पुसा अगर पुसू नका. पण आज घरी जाल तेव्हा तुमच्या माणसाकडे मान खाली घालून नव्हे, समोर बसून नीट बघा. तो "नको नको" म्हणत हात आडवा करील. तेवढ्यातच टिपून घ्या.

आयुष्यभरात मी एकच जिवंत माणूस टिपला, आणि तो मला अडवत होता.