मोतीबाईचा निरोप

मित्रांनो, आज माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. खुशाल बसू देत, पण मला भंगार म्हणू नका! मी विमानांचे निरोप उतरवून घेणारा जुना रेडिओ संच आहे.

ऐंशी सालानंतर कधीतरी एका विमान कंपनीने मला पोशीर गावाजवळच्या टेकडीवर, एका पत्र्याच्या खोलीत बसवले. विमानातले यंत्र निरोपातली अक्षरे आकड्यांत बदलून हवेत सोडायचे. मी ते आकडे पकडायचो, त्यांची पुन्हा अक्षरे करायचो आणि कागदी पट्टीवर छापायचो. इंधन किती उरले, वारा कसा आहे, उतरणार कधी. कंपनीचे साहेब पाठीवर थाप मारायचे आणि मी फुगायचो.

खोलीत पाणी भरायला पोशीरची मोतीबाई यायची. तिचा एकुलता एक मुलगा हिरू विमानाने मस्कतला कामाला गेला होता आणि त्याची काहीच खबर नव्हती. वर विमान घरघरले की ती हंडा खाली ठेवायची. "सहदेव, माजा हिरू हाय का रं ह्याच्यात? इचार ना त्याला."

सहदेव आणि आबाजी मला चालवायचे. कामापेक्षा टवाळक्याच फार! एके दिवशी सहदेवने माझ्या तपासणीच्या कळा बडवून काहीबाही छापले आणि पट्टी फाडून मोठ्याने वाचली, "आई, रविवारी येतो. नेरळ स्टेशनात ये. हिरू."

मला वाचा असती तर ओरडलो असतो हो!

मोतीबाईने पट्टी डोळ्यांना लावली. रविवारी सुकटीचे कालवण आणि भाकऱ्या बांधून ती दिवसभर स्टेशनात बसून राहिली. सोमवारी ती पाणी घेऊन आली तेव्हा दोघे पोट धरून हसले. "गंमत केली गं आमी!" ती हंडा ओतून निघून गेली. मला त्या दोघांची किळस आली.

पुढच्या महिन्यात पोस्टमन धाकलू धापा टाकत टेकडी चढून आला. "मोतीबाई, तार हाय. हिरूला मुंबईच्या इस्पितळात आनलाय. लय आजारी हाय. तुला लगीच बोलावलंय."

तेव्हाच्या तारेवरही छापील कागदी पट्ट्याच चिकटवलेल्या असत, थेट माझ्यासारख्या. मोतीबाईने त्या पाहिल्या आणि मग सहदेवकडे पाहिले.

"धाकलू, तुला पन सामील केला का रं ह्यांनी?" तिने तार चुरगाळली आणि चहाच्या स्टोव्हवर धरली.

सहदेवचे तोंड पांढरेफटक पडले. "ही खरी हाय गं! जा तू! पाया पडतो तुज्या!"

"तवा पन खरीच व्हती," ती म्हणाली आणि रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे गेली.

दोन दिवसांनी हिरूला गावात आणले, टेंपोतून, पांढऱ्या कापडात.

मित्रांनो, मला पुसा, माझे तेलपाणी करा, असे सांगायला मी बसलेलो नाही. यंत्र मोडले तर दुसरे येते. थट्टेची खाज असेल तर आपापसात करा, पण वाट बघणाऱ्या माणसाला त्यात ओढू नका. हिरू शेवटपर्यंत आई आली का, असे विचारत होता म्हणे, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला सांगत राहिला, "येतेय रे, वाटेतच असेल."