शेंदूर लावलेला दांडा

खंडेनवमीला पुजलेलं हत्यार हलवू नये म्हणत्यात. म्या हलवलं. कराडात, भर कारखान्यात, सगळ्यांच्या देखत हलवलं, आन् परत तशी येळ आली तर परत हलवीन. ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे.

लढाई संपून दोन वर्सं झाली व्हती. इंग्रज नुकताच गेला व्हता, पण आमच्या आप्पासोचा आवाज काय खाली आला नव्हता. आप्पासो म्हंजी मोटार-कारखान्याचं मालक. लष्कराच्या लिलावात त्यांनी एक लॉरी आन् तिच्या मागं जोडायचा लोखंडी ट्रेलर घेतला व्हता. लॉरीवर ड्रायव्हर माझा नवरा, हरिबा. आता म्हातारी झाले म्हणून नाव घेते, त्या काळात मरून ग्येले तरी घेतलं नसतं. आन् मिस्त्री माझा धाकटा भाऊ गुंडा. ब्रह्मदेशाच्या लढाईत तो गाड्या दुरुस्त करायला व्हता.

त्या साली चिपळूणच्या भात-गिरणीचा बॉयलर पोचवायचा व्हता. दोनशे मणाचं धूड ट्रेलरवर साखळ्यांनी बांधून तयार. दसऱ्याला सकाळी निघायचं आन् कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं. शिलंगणाचा मुहूर्त चुकवायचा न्हाई म्हणून आप्पासो चार दिवस सगळ्यांच्या डोक्यावर बसलं व्हतं.

आप्पासोची बायको वारलेली, म्हणून पूजेला सवाष्ण मी. नऊ दिवसांचा उपास, पोटात नुसती भगर, तवा माझं डोकं तसंबी ठिकाणावर नव्हतं. कोपऱ्यात घोंगडं हातरून त्यावर पान्हं, घण, छिन्न्या, जॅक, सगळं मांडलं व्हतं. मधी शेंदराची वाटी. हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आन् मग ट्रेलरच्या चाकाला झेंडूची माळ घालाया बसले. माळेचा दोरा आत कुठं तरी अडकला. म्या वढला. आतला दांडा खाली-वर हालला.

हालला म्हंजी चांगला बोटभर हालला.

त्या दांड्याचं मला ठाऊक व्हतं. गुंडा लष्करातनं आला तवा रोज जेवताना हेच पुराण लावायचा. ब्रेक आवळला की ह्यो आडवा दांडा आपल्याभवती फिरतो. त्याच्या टोकाला वळलेलं बोंड असतंय. ते फिरलं की ब्रेकचे दोन्ही शू, म्हंजी अर्धगोल पट्ट्या, फाकत्यात आन् चाकातल्या ड्रमला घासून चाक धरत्यात. दांडा ज्या पितळी कड्यांत फिरतो त्यांना बुश म्हंत्यात. दांड्यानं नुसतं फिरायचं असतंय, खाली-वर नाचायचं नसतंय. जात्याचा खुंटा ढिला झाला की पीठ कसं पडतं, ते बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत न्हाई.

"गुंडा," म्या हाक मारली, "ह्यो दांडा का हालतोय रं?"

"हालतोय व्हय?" तो म्हणला, आन् माझ्याकडं न बघता उदबत्ती लावाया लागला.

लहानपणी गूळ चोरून खाल्ला की ह्यो असाच दुसरीकडं बघायचा. म्या पूजेकडं नजर टाकली. घोंगड्याच्या कडेला चार नवी कोरी पितळी कडी, वर हळदकुंकू वाहिलेली. म्याच वाहिलं व्हतं, न बघता.

"आन् ही चार कसली?"

"आक्का, हळू बोल की."

"हळू न्हाई बोलायची. कसली सांग."

मग बोलला. बुश महिन्यामागंच झिजलं व्हतं. त्यानं नवी चार कातून ठिवली व्हती. पण बसवायचं तर ट्रेलर दिवसभर उभा राहणार. आप्पासो म्हणलं, दसऱ्यानंतर बघू, तवर कायतरी जुगाड कर.

"मग काय केलंस?"

"पत्रा घातला. चहाच्या डब्याचा. दांड्याला गुंडाळून बसवला."

"कुणी बसवला?"

"म्याच."

म्या त्याच्या कानाखाली आवाज काढला. लष्करातनं आलेला गडी, मिशा पिळदार, पण सगळ्या कामगारांम्होरं खाल्ली त्यानं. माझा हात झणझणला. मला रडू आलं आन् रडू आलं म्हणून जास्तच राग आला. पाठचा भाऊ माझा! भाऊबीजेला वरसोवरसी मी ओवाळते त्याला, आन् ह्यानं माझ्या कुंकवाला चहाच्या डब्याचा पत्रा लावावा!

तेवढ्यात आप्पासो नारळ घिऊन आलं. "काय गलका हाय? सणाचं कोन मेलं का काय?"

"अजून न्हाई," म्या म्हणलं. "उद्या मरंल. तुमच्या ट्रेलरची बुश झिजल्यात."

"ठाव हाय मला. एवढी खेप होऊ दे. चंद्राबाई, आज खंडेनवमी. हत्यार बसलंय, आता उद्या पूजा हालल्याबिगर हात लावायचा न्हाई. आन् उद्या मुहूर्ताला गाडी निघणार. ह्यात माझा काय विलाज?"

बघा कसं बसवलं! आज हत्यार हलवायचं न्हाई, उद्या थांबायचं न्हाई. देवीच्या पदराआड लपून स्वतःचं साधायचं.

"आप्पासो, घाटात ट्रेलरवर बसून हातब्रेक वढायला माणूस लागतोय. उद्या तुमी बसा."

"मी?"

"व्हय, तुमी. ट्रेलर तुमचा, मुहूर्त तुमचा. बसा की."

"मला सोनं वाटायचंय. लोकं येणार घरला."

"तिथंच कळलं," म्या म्हणलं.

कामगार खाली बघून हसाया लागलं. आप्पासोचं तोंड लालबुंद झालं. आमचं ह्ये तवर लॉरीपाशी गप उभं व्हतं. मुलखाचा गरीब माणूस. म्हणलं, "जाऊ दे गं. सावकाश उतरवीन मी."

"तुमी सावकाश उतराल. बॉयलर सावकाश उतरंल का? त्याला सांगितलंय का कुणी?"

आन् म्या घोंगड्यावरचा मोठा पान्हा उचलला.

 कुणी तरी "आई आई आई" म्हणलं. म्या पदरानं पान्ह्यावरचं कुंकू पुसलं आन् गुंडाच्या हातात दिला. "देवीनं आठ दिवस हत्यार चालवून नवव्या दिवशी म्हैसासुर मारला. पूजा हाय म्हणून ती कोपऱ्यात बसली नव्हती. चाक काढ."

"हरिबा!" आप्पासो वरडलं. "बायकोला आवर. त्या पान्ह्यानं एक नट हालला तर तुझी नोकरी गेली समज."

मला वाटलं, आता ह्ये मला हाताला धरून घरी नेतील. धरलं असतं तर मी ग्येलेबी असते, खोटं कशाला बोलू. ह्ये आले, माझ्याकडं बघितलं, वाकले आन् घोंगड्यावरचा जॅक उचलला.

"नोकरी गेलीच म्हणताय तर ह्येवढा जॅक लावून जातो," ह्ये म्हणलं.

लय बोलणारा माणूस नव्हता. पण ते एक वाक्य म्या जलमभर जपून ठिवलंय.

आप्पासो नारळ न फोडताच निघून गेलं. कामगारबी एकएक करून पांगलं. हललेल्या हत्याराजवळ थांबायला कुणी तयार नव्हतं. राहिलो आमी तिघं.

चाक निघालं, ड्रम निघाला, शूच्या स्प्रिंगा सुटल्या. गुंडानं दांडा वढून काढला, त्याच्यासंगं तो पत्राबी आला. चुरगाळलेला, ग्रीसनं काळा, पण चहाच्या डब्यावरचं फूल अजून दिसत व्हतं. म्या तो उचलून कनवटीला खोचला. जुनी बुश ठोकून काढली तर एका अंगानं नखावाणी पातळ झालेली. ह्यांनी एक हातात धरलं आन् लय येळ बघत बसले. 

नवं बुश ठोकताना गुंडा दोनदा थांबला. बुशाचं भोक आन् ग्रीस जायचं भोक समोरासमोर यायला पायजे, न्हाईतर दांडा कोरडाच फिरणार आन् सहा महिन्यांत परत हेच. ठोकून झालं. पण दांडा आत घातला तर अडकून फिरायचा.

"कुठं तरी उंचवटा हाय," गुंडा म्हणला. "तांबडा रंग लावून बघावा लागतो. दांड्याला लावायचा आन् फिरवायचा, जिथं बुशाला रंग लागंल तिथं खरवडायचं. लष्करात मिळायचा. हितला संपला."

"कसला तांबडा?"

"शेंदरागत असतोय. तेलात कालवलेला."

आमी तिघांनीबी घोंगड्याकडं बघितलं. हातभर अंतरावर शेंदराची वाटी.

"आक्का, नको," गुंडा म्हणला. "आधीच लय झालंय."

"पान्हा हलवला तवा लाज न्हाई वाटली, आता शेंदराला लाजू व्हय?" म्या वाटी आणली. समईतलं तेल घातलं, बोटानं कालवलं आन् दांड्याला लावलं, देवाला लावत्यात तसंच. हात जोडलं का? जोडलं. राग आप्पासोवर व्हता, देवीवर नव्हता.

गुंडा दांडा फिरवायचा, काढायचा, बुशात तांबडा डाग बघायचा, खरवडायचा. परत शेंदूर, परत डाग. दोन्ही चाकांची मिळून चार बुश, तशी चारदा. दिवेलागणीला दांडा एका बोटानं फिरला आन् खाली-वर केसभर हालला न्हाई. मग ग्रीस भरलं. तिघांचं हात कोपरापर्यंत तांबडं.

सकाळी नवाच घोळ. ट्रेलरवर ब्रेक वढायला एकबी हमाल चढंना. हत्यार हललंय, गाडी खाईत जाणार, म्हणून रात्रीतच गावभर झालं व्हतं. आप्पासो उंबऱ्यात उभं राहून मिशीतल्या मिशीत हसत व्हतं. दुसरा ड्रायव्हर त्यांना मिळाला नव्हता, म्हणून ह्यांना नोकरीवरनं काढलं नव्हतं.

गुंडा उठला. डोक्याला मुंडासं आवळलं, ट्रेलरवर चढला आन् हातब्रेकापाशी जाऊन बसला.

मी ह्यांच्या शेजारी लॉरीत चढले. "उतर," ह्ये म्हणलं. "सणाचं घर सोडून कुठं निघालीस?"

"आपट्याची पानं चिपळुणात मिळत न्हाईत व्हय? चला."

पाटण गेलं, हेळवाक गेलं, आन् घाट लागला. मला वाटलं व्हतं मी लय धीराची. पहिल्याच वळणावर खालची झाडं बघितली आन् डोळं मिटलं. तिसऱ्या वळणाला मागनं बॉयलर लॉरीला रेटाया लागला. ह्यांनी ब्रेक वढायच्या खुणेचा भोंगा दाबला. एक. दोन. गुंडा, वढ रं बाबा! मी देवीचं नाव न्हाई घेतलं त्या टायमाला, भावाचं घेतलं. तिसऱ्या भोंग्याला मागनं करकरून आवाज आला, लॉरीच्या पाठीवरचं वझं हलकं झालं, आन् गाडी चालत्या बैलागत वळण घिऊन गेली.

पोफळीला खाली उतरलो. म्या पहिल्यांदा ट्रेलरच्या दोन्ही ड्रमाजवळ हात नेला. दोन्हीकडं सारखीच धग. भाकरी दोन्ही अंगांनी शेकल्यागत. एक ड्रम गार असता तर एकच चाक धरत व्हतं असं झालं असतं.

गुंडा वरनं उतरला.  माझ्याम्होरं येऊन उभा राहिला. "आक्का, अजून एक मार पायजे तर."

म्या त्याला जवळ घेतला आन् मोठ्यांदा रडले, भर रस्त्यात. रागानं न्हाई रडले. जीव भांड्यात पडला म्हणून रडले. मग कनवटीचा पत्रा काढून त्याच्या हातात ठिवला. "ह्यो तुझ्या पेटीत ठिव. रोज दिसू दे."

मरंस्तवर व्हता त्याच्या पेटीत. पुढं त्यानं स्वतःचा कारखाना काढला, आता नातवंडं चालवत्यात. खंडेनवमीला अजून मलाच सवाष्णीच्या जागी बोलवत्यात. ह्ये जाऊन वर्सं झाली, सवाष्ण कसली मी, पण म्हातारीला न्हाई म्हणायची कुणाची छाती हाय? सगळी हत्यारं घोंगड्यावर मांडत्यात, हळदकुंकू वाहत्यात, शेंदूर लावत्यात. एक मोठा पान्हा मातूर मी भाईर काढून ठिवते, दाराशी, हाताला येईल असा.

नवी सून इचारती, आजी, ह्याची पूजा न्हाई का करायची? मी सांगते, ह्याची झालीया.